‘बरी झाले’ असं मी लिहिणार नाही

मूल (जि. चंद्रपूर), १० जानेवारी २०२५

नागसेनदादा, जय भीम.

तू माझा नंबर बंद करून ठेवलास. वहिनीच्या फोनमधूनही मला काढलंस. पोस्टमनला कसा बंद करशील? म्हणून हे पत्र. शाळेतल्या मराठीत लिहिते आहे, कारण आपल्या बोलीत लिहायला लागले की माझा आवाज चढतो, आणि आज मला तो चढू द्यायचा नाही.

काल आमच्या वनक्षेत्राच्या आरएफओ साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तुझं पत्र होतं. अक्षर मी दारातूनच ओळखलं. साहेबांनी ते मला वाचून दाखवलं. ‘माझी धाकटी बहीण, वनरक्षक माधवी, ही मनोरुग्ण असून तिला रागाचे झटके येतात. तिला जंगलात एकटीने गस्तीस पाठविणे तिच्या व इतरांच्या जिवास धोक्याचे आहे.’ असून, गस्तीस, जिवास. मराठीचा प्राध्यापक शोभलास. खाली सही, कॉलेजचं नाव आणि मोबाईल नंबर. तोच नंबर, जो माझ्या फोनवरून लागत नाही.

साहेब म्हणाले, “बाई, दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी फाडून टाकलं असतं. सख्ख्या भावानं लिहिलं. मले काहीतरी करावंच लागेल.”

त्यांनी केलं. सात वर्षं सांभाळलेलं माझं बीट, माझ्या गस्तीचं जंगल, काढून घेतलं. चौकशी होईपर्यंत मी रोपवाटिकेत. सागाच्या किती पिशव्या भरल्या, बांबू किती उगवला, ते रजिस्टरमध्ये लिहायचं. दुपारी ऑफिसात चहाला गेले. कोणीतरी टेबलावरचा पेपर कटर हळूच ड्रॉवरमध्ये सरकवला. मला दिसू नये म्हणून इतक्या हळू, की सगळ्यांना दिसलं.

तुला वाटत असेल, आता ही ब्रह्मपुरीला येऊन माझं गेट तोडणार. नाही तोडणार. मी खोलीवर आले, बादली भरली आणि तोंड पाण्यात बुडवून तीस आकडे मोजले. तीनदा. जानेवारीत मूलचं पाणी कसं असतं तुला माहीत आहे. छातीची धडधड कमी झाली. मग पेन घेतलं.

हे मी कुठे शिकले, ते सांगते, कारण तुझ्या पत्रात ते नाही. ऑगस्टपासून दर बुधवारी मी रजा टाकून चंद्रपूरला जाते. सरकारी दवाखान्यात एक खोली आहे, तिथे आम्ही सात-आठ जण बसतो. सगळे माझ्यासारखे, ज्यांना राग आला की नुसता येत नाही, उचलून नेतो. शिकवणाऱ्या मॅडमचं नाव रूही. तिथे झाडफूक नाही, शॉक नाही. फळा आहे, वही आहे, घरचा अभ्यास आहे. भडका उडाला तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, तो उडण्याआधी कसं ओळखायचं, समोरच्याला न फाडता ‘नाही’ कसं म्हणायचं. सायकल शिकवतात तसं शिकवतात, पडून पडून.

तुझ्या घरभरणीच्या दिवशी काच फुटली, हे मी नाकारत नाही. पण एका काचेपायी दोन वर्षं मला आईला भेटू द्यायचं नाही आणि वर माझी नोकरीही काढून घ्यायची, हा कोणता न्याय?

उत्तर नको. फक्त आईला सांग, मी जेवते, झोपते, जिवंत आहे.

माधवी


मूल, १३ फेब्रुवारी २०२५

दादा,

मागच्या पत्रात मी एक वाक्य खोटं लिहिलं. ते दुरुस्त करायला बसले आहे.

काल गटात माझी पाळी होती. आम्हाला ‘साखळी’ लिहायला लावतात. एखादा वाईट प्रसंग घ्यायचा आणि त्याच्या आधी काय, त्याच्या आधी काय, असं कडीला कडी जोडत मागे जायचं. मी तुझी घरभरणी घेतली. वाचत वाचत शेवटच्या कडीला आले, “आणि मग काच फुटली.”

रूही मॅडम माझ्याच वयाच्या आहेत. डोक्यावर स्कार्फ असतो, बोलणं हळू. त्यांनी विचारलं, “फुटली, की फोडली?”

एवढंच. दादा, मी खुर्ची मागे लोटली, दार आपटलं आणि सरळ बस स्टँडवर गेले. मूलची बस लागलेली होती. मी चढले नाही. बाकावर बसून अर्धा तास स्वतःलाच शिव्या घातल्या, मग परत गेले. सगळे तसेच बसलेले. जिशान म्हणून वेल्डिंगचं दुकान असलेला एक जण आहे. तो म्हणाला, “दीदी, तुम्ही लवकर आल्या. मी पहिल्यांदा गेलो तर तीन हप्त्यांनी आलो होतो. चप्पल इथंच सोडून.” सगळे हसले. मीही हसले. मग साखळी पुन्हा लिहिली.

ती अशी आहे. दोन रात्री मला झोप नव्हती. सोडचिठ्ठीला महिनाही झाला नव्हता. घरभरणीला वहिनीच्या मावशीनं सगळ्यांदेखत विचारलं, “काऊन वं, नवरा नाई आला?” मी उत्तर द्यायच्या आत तू हसत म्हणालास, “तिचं डोकं ठिकाणावर नसते मावशी, तिले नका विचारू.” लोक हसले. मी स्टीलचा जग उचलला आणि तुझ्या नव्या शोकेसवर फेकला. काच मी फोडली. आई मला धरायला धावली, आणि मी तिचा हात झटकला तो त्या काचेवर. सात टाके. मी मोजले नव्हते, तू ओरडून सांगितलेस. त्यानंतर आठ दिवसांनी, जगायचंच नाही म्हणून मी जे केलं, ते तुला माहीत आहे. मला दवाखान्यात उचलून नेणारा तूच होतास.

आईच्या हाताची चूक माझी. ‘पण’ न लावता लिहिते आहे. हे वाक्य तिला वाचून दाखव.

आता दुसरी बाजू, कारण तीही खरी आहे. बाबा आठवतात? राइस मिलमधून यायचे, भाजीत मीठ कमी निघालं तर ताट भिंतीवर. एकदा तुझी सायकल त्यांनी कुऱ्हाडीनं तोडली होती. लोक काय म्हणायचे? खोब्रागडे भाऊंचा दरारा आहे. त्यांच्यासाठी कोणी पत्र लिहिलं नाही. मिलमधलं त्यांचं काम कोणी काढून घेतलं नाही. तीच आग माझ्या अंगात आली, तर मी मनोरुग्ण. बरं, असेन. मी त्या शब्दाला भीत नाही. पण त्या आगीसाठी आपल्या घरात दवाखान्याची पायरी चढलेलं पहिलं माणूस मी आहे, आणि शिक्षाही मलाच.

तू भरतीच्या वेळी माझ्यासाठी काय केलंस ते विसरले नाही. पहाटे कॉलेजच्या मैदानावर घड्याळ घेऊन उभा राहायचास आणि प्रत्येक फेरीला ओरडायचास, “दम टाकू नको, माधवी.” वर्दीत मी तुझ्यामुळे आहे. ती उतरवायचा हक्क मात्र तुला नाही.

माधवी


मूल, ३० मार्च २०२५

दादा,

पेपरमध्ये वाचलंच असशील. करंजटोल्याची बाई. पेपरमध्ये नाव चुकीचं छापलं आहे. तिचं नाव गुणाबाई. माझ्या जुन्या बीटातलं शेवटचं घर तिचं. गस्तीवरून आले की ती हाक मारायची, “बाई, भाकर खाऊन जा.”

मंगळवारी सकाळी ती मोहफुलं वेचायला गेली आणि वाघानं धरली. दहा वाजेपर्यंत दोनशे लोक रस्त्यावर. आमची जीप मधोमध अडकलेली, आत दोन गार्ड काचा वर करून बसलेले. लोक म्हणत होते, मोठे साहेब येईपर्यंत प्रेताला हात लावू देणार नाही. प्रेत तिथेच, नाल्याच्या पलीकडे.

मी रोपवाटिकेत होते. साहेबांचा फोन आला. “माधवीबाई, ते गाव तुमाले ओळखते. याल का?”

जिला जंगलात पाठवणं जिवास धोक्याचं, तिलाच बोलावलं. हे मी त्यांना त्याच वेळी सुनावलं. मग मोटरसायकल काढली.

गर्दीतून पुढे गेले तर गुणाबाईचा नवरा, श्रावणभाऊ, सरळ अंगावर आला. माझी कॉलर धरली. “वाघ तुमचा, जंगल तुमचं. मंग माही बायको कोनाची व्हती? सांग!”

दादा, त्या वेळी माझ्या डोक्यात काय आलं ते सांगते. श्रावणभाऊ नाही आला. तू आलास. तीन आठवड्यांपासून नाल्याकडे वाघाच्या पंजांचे ठसे, पगमार्क, दिसत असतील. मी बीटावर असते तर बघितले असते. दवंडी दिली असती, बायकांना त्या बाजूला जाऊ दिलं नसतं. कदाचित. मी तिथे नव्हते, कारण तू पत्र लिहिलंस. माझे कान गरम झाले, मुठी वळल्या. पूर्वीची मी असते तर त्या म्हाताऱ्याला ढकलून दिलं असतं आणि ब्रह्मपुरी गाठली असती.

मी टाचा जमिनीत रोवल्या. श्वास आत घेतला त्याच्या दुप्पट वेळ बाहेर सोडला. एकदा, दोनदा, चारदा. कॉलर त्याच्याच हातात होती. मुठी उघडल्या. वळलेल्या मुठीनं माणूस भांडतोच, म्हणून तळवे उघडायचे, हे आम्ही गटात बसून गिरवलंय. तेव्हा मला हसू यायचं.

मी म्हटलं, “भाऊ, गुणाबाई तुमची. मी तिच्या हातची भाकर खाल्ली हाय. तुमाले राग हाय तो खरा हाय, मी नाई म्हनत का गप बसा. पन ती तिथं एकटी पडून हाय. ऊन चढून राह्यलं. आधी तिले आनू. मंग माही कॉलर पुन्हा धरा, मी इथंच उभी हावो.”

मागून एक दगड आला. डाव्या खांद्याला लागला. जीपमधला गार्ड ओरडला, “बाई, काठी घ्या!” मी घेतली नाही. दुखलं, तर “दुखलं” म्हटलं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि तिथेच उभी राहिले.

श्रावणभाऊचा हात सैल झाला. तो रस्त्यातच बसला आणि लहान पोरासारखा रडला. मीही त्याच्याजवळ खाली बसले. थोड्या वेळानं तोच उठला, म्हणाला, “चाल.” चार माणसं, दोन गार्ड, तो आणि मी. वाघ लांब राहावा म्हणून फटाके वाजवत नाल्यापलीकडे गेलो. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढून तिच्यावर घातला. पंचनामा झाला. लोकांनी जीप सोडली.

यातून मी देवता झाले असं समजू नको. परत येताना ड्रायव्हरनं उगाच हॉर्न वाजवला, तर मी त्याच्या आईबापाचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली. गुणाबाई मेली ती मेली. माझ्या श्वासानं ती परत आली नाही.

आणि तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. तो आहे. मी त्याला फक्त गाडी चालवू दिली नाही.

माधवी


मूल, २२ एप्रिल २०२५

दादा,

चौकशी काल झाली. निकालाआधी काय झालं ते ऐक.

तीन जण होते. आपले साहेब, वरून आलेले एक मोठे साहेब आणि एक मॅडम. समोर तुझं पत्र आणि करंजटोल्याचा अहवाल, शेजारी शेजारी. मोठे साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. म्हणाले, “करंजटोल्याचं तुम्ही चांगलं हाताळलं. आम्हालाही विषय वाढवायचा नाही. एक अर्ज लिहून द्या. मी आता पूर्ण बरी झाले आहे, माझे कोणतेही उपचार सुरू नाहीत, आणि भावाने गैरसमजातून पत्र लिहिले. दोन ओळी. फाईल बंद.”

कागद पुढे सरकवला. पेनही दिलं. खरं सांगू? मी टोपण काढलं होतं. दोन ओळींत माझं जंगल परत मिळत होतं. ‘मी’ लिहिलं, ‘आता’ लिहिलं, आणि हात थांबला.

मी म्हटलं, “साहेब, हे मी लिहिणार नाही.”

“का?”

“कारण उपचार सुरू आहेत. आणि सुरू राहणार आहेत.”

आमचे साहेब टेबलाखालून हातानं खुणा करत होते, लिही, लिही म्हणून. मी म्हटलं, “करंजटोल्यात मी जे केलं ते त्याच उपचारांनी केलं. तुम्हाला ते काम चालतं आणि ते शिकलेली बाई चालत नाही, असं कसं? आणि भावाचा गैरसमज नाही. मला आजार आहे हे त्यानं खरं लिहिलं. मी जिवाला धोका आहे हे खोटं लिहिलं. अर्धं खरं, अर्धं खोटं. तसंच नोंदवा.”

मॅडमनी पहिल्यांदा तोंड उघडलं. “पुन्हा झटका आला तर?”

“येईल,” मी म्हटलं. “आला की मी बाजूला होते, सांगते, आणि परत येते. डॉक्टरांचा कामास योग्य असल्याचा दाखला सोबत जोडलाय. ज्यांना राग येतच नाही असे गार्ड तुमच्याकडे किती आहेत, तेही एकदा मोजा.”

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. रूही मॅडमनीही तेच सांगितलं. पण बोलून गेले, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं वाईट वाटत नाही.

आज आदेश आला. कामावर परत, पण जुन्या बीटावर नाही. दुसरं दिलंय, गडचिरोलीच्या हद्दीला लागून, जिथे मोबाईलला रेंज नाही आणि घरं बोटांवर मोजण्याइतकी. खोली मी मूललाच ठेवली आहे. लोक म्हणतात ही शिक्षाच. असेल. मी एक गोष्ट मागितली आणि ती लेखी मिळवली. माझी साप्ताहिक सुट्टी आता बुधवारी. कारणाच्या रकान्यात ‘उपचारासाठी’ असं लिहिलंय, शिक्क्यासकट. त्या कागदाची झेरॉक्स या पाकिटात टाकली आहे. मराठी तपासून बघ.

माधवी


मूल, १३ मे २०२५

दादा,

काल बुद्धपौर्णिमा. तुझ्या घरी आईनं सांगितलं, विहारात जाते. ती विहारात गेली नाही. पांढरी साडी नेसून बसमध्ये बसली आणि विचारत विचारत माझ्या खोलीवर आली. एकटी. अठ्ठावन्न वर्षांची बायनाबाई, जी बाजारातही तुझ्याशिवाय जात नाही.

दारात उभी राहून म्हणाली, “पानी तं दे, का तेबी फेकशीन?”

मी तिचा हात हातात घेतला. मनगटापासून वर पांढरी रेघ आहे. मी बघत राहिले. नजर फिरवावीशी वाटत होती, फिरवली नाही. “माय, हे मी केलं,” म्हटलं. ती म्हणाली, “मले माहीत हाय. मी तिथंच व्हतो.” आणि मग हसायला लागली, डोळ्यांत पाणी असतानाच. आम्ही दोघींनी मिळून खीर केली. खाली दूध लागलं तरी सगळी संपवली.

ती मला भेटायला आली, तशी तुझं सांगायलाही आली. तू सांगू नको म्हटलं होतंस. तरी तिनं सांगितलं. एप्रिलमध्ये तू लेकीचा मोबाईल भिंतीवर फोडलास. मधे आलेल्या वहिनीला ढकललंस. ती पोरीला घेऊन माहेरी गेली ती आठ दिवस आली नाही. आता परत आली आहे, पण पोरगी तुझ्यासमोर जेवत नाही. तू कॉलेजमधून येतोस, गेटसमोर गाडी उभी करतोस आणि तासभर आतच बसून राहतोस. माझी पत्रं गाडीतच ठेवली आहेत म्हणे.

आई म्हणाली, “तुया बापानं दोघायलेबी एकच आग देली. तू दवाखान्यात गेली. तो गाडीत बसून राह्यते.”

लपवत नाही. हे ऐकून मला पहिलं मिनिट आनंद झाला. पुरेपूर. वाटलं, घे आता. लिहू का तुझ्या प्राचार्यांना, की ‘सदर प्राध्यापकास रागाचे झटके येतात’? पत्राची पहिली ओळ मनात तयारही झाली. मग आईकडे बघितलं आणि तो आनंद उतरला. खाली नुसतं दुखणं होतं. तुला गाडीत बसलेला बघवत नाही मला.

म्हणून नीट ऐक. मी तुझ्या प्राचार्यांना लिहिणार नाही. कोणालाच लिहिणार नाही. तू माझ्याशी केलंस ते मी तुझ्याशी करणार नाही, याचा अर्थ मी ते माफ केलं असा नाही. ते पत्र तुला लेखी मागे घ्यावं लागेल, जिथे पाठवलंस तिथेच. आई मला दर महिन्याला भेटेल, विहाराचं नाव न घेता. आणि तुझ्याकडे कोणी माझ्याबद्दल विचारलं, तर माझा आजार लपवायचा नाही. तू लपवलास तर मी येऊन सांगेन.

हे झालं माझ्याबद्दल. आता तुझ्याबद्दल.

चंद्रपूरला ४ जूनपासून नवा गट सुरू होतो. मी रूही मॅडमना नाव न सांगता विचारलं, माझ्या ओळखीचा एक प्राध्यापक आहे, चालेल का? त्या म्हणाल्या, “प्राध्यापकांना फळा-वहीची सवय असते, चालेल.” तिथे तुला कोणी सर म्हणणार नाही. पहिल्या दिवशी तू दार आपटून निघून जाशील, मला खात्री आहे. गेलास तरी चालेल. परतीची वाट मला माहीत आहे, मी सांगेन.

ब्रह्मपुरीहून चंद्रपूरची बस साडेनऊला मूलला येते. ४ तारखेला मी स्टँडवर असेन. तू खिडकीत दिसलास तर शेजारी बसेन, आणि चंद्रपूरपर्यंत एक शब्दही विचारणार नाही. नाही दिसलास, तरी मी त्याच बसमध्ये चढेन. मला तिथे माझ्यासाठी जायचं असतं, दादा. तुझी वाट बघत मी बस सोडणार नाही.

माधवी